गोठ्यातील कुंडीसाठी तरंगत्या गोळ्याची तोटी

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हणून वैरण व पेंड कितीही चांगली घातली, तरी पाणी अपुरे पडल्यास दूध घटते. दिवसातून दोनदा पाण्यावर नेलेले जनावर त्या वेळेपुरतेच पिते. कुंडीत अहोरात्र पाणी असल्यास ते गरजेप्रमाणे वारंवार पिते. यासाठी कुंडीला तरंगत्या गोळ्याची तोटी बसवितात. पाण्याची पातळी उतरली की गोळा खाली येऊन तोटी उघडते. पातळी चढली की गोळा दांड्यासह वर येतो व रबरी वायसर छिद्रावर दाबून तोटी मिटवितो.

तोटी निवडताना एक चूक सहज घडते. जोरदार दाबाच्या नळासाठी केलेल्या तोटीचे छिद्र बारीक असते. गोठ्याची टाकी ३ मीटर उंचीवर असल्यास ४ मिलिमीटर छिद्रातून मिनिटास जेमतेम साडेतीन लिटर पाणी येते. तहानलेली गाय मात्र मिनिटास १० लिटरहून अधिक पाणी पिऊ शकते. उन्हाळ्यात तीन-चार जनावरे एकदम आली की लहान कुंडी रिकामी होते. दांडगी जनावरे पिऊन जातात व पहिलारू गाय मागे राहते. पुढे कुंडी भरलेली दिसते. त्यामुळे दूध का घटले, हे मालकाच्या ध्यानात येत नाही.

छिद्र मोठे केल्यास तोटी मिटणार नाही, ही भीती कमी दाबाच्या टाकीस लागू नाही. ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३०० ग्रॅम असतो. १२ मिलिमीटर छिद्रावर तो सुमारे ३४० ग्रॅम भरतो. खिळीपासून गोळ्यापर्यंतचे अंतर वायसरपर्यंतच्या अंतराच्या दहापट ठेवल्यास गोळ्याच्या ठिकाणी ३४ ग्रॅमचा उचलता जोर पुरतो. गोळ्याचे व दांड्याचे वजन धरूनही साधा पोकळ गोळा हे काम करतो. छिद्राचा व्यास तिप्पट झाल्याने त्याचे क्षेत्रफळ नऊपट होते. मात्र नळी अरुंद व लांब असल्यास हा लाभ मिळत नाही.

गाय-म्हैस तोंड पाण्यात बुडवून पाणी ओढते. म्हणून कुंडी उघडी व रुंद असावी. गोळा कुंडीच्या एका टोकास आडभिंतीमागे ठेवून वर पत्र्याचे झाकण घालावे, म्हणजे शिंगाचा धक्का लागणार नाही. आडभिंतीखाली पाणी जाण्यास वाट ठेवावी. पातळी काठाखाली ५ ते ८ सेंटिमीटर राखावी. तळाशी बूच असलेले छिद्र ठेवून कुंडी नियमित धुवावी. टाकीच्या तोंडाशी जाळी बसवावी. कचरा अडकल्यास तोटी गळते, चिखल होतो व खुरांचे आणि कासेचे रोग बळावतात.

तोटीची परीक्षा सोपी आहे. गोळा हाताने खाली दाबून धरावा व तोटीखाली १० लिटरची बादली ठेवावी. ती एका मिनिटात भरली नाही, तर तोटी अथवा नळी बदलावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वी प्रत्येक गोठ्यात ही परीक्षा करून दाखवावी.