बेडरूममधलं कुर्डुवाडी जंक्शन

ऑफिसातून दमून आल्यावर कुणी वेब सिरीज लावतं, कुणी जिमला पळतं. काही जण मात्र रात्री अकरा वाजता कापसाचा बोळा घेऊन रूळ पुसायला बसतात! मॉडेल रेल्वे नावाच्या एका अफलातून वेडाविषयी...

मुंबईची बारा डब्यांची लोकल तुमच्या बेडरूममध्ये मावेल का? हसू नका, हिशेब अगदी साधा आहे. खरी लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. तिला ८७ नं भागा. उत्तर येतं तीन मीटरला जरासं कमी. आणि आपल्या टू बीएचकेतली दहा बाय दहाची बेडरूम? तीही तीन मीटरच! म्हणजे लोकल मावते. फक्त ती हलू शकत नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती उभी. (सकाळी साडेनऊला कुर्ल्याच्या अलीकडे असते तशी.)

हा ८७ चा आकडा आला कुठून? मॉडेल रेल्वेच्या दुनियेत सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे 'एचओ', एकास ८७. त्यात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरलाही कमी पडतो, आणि आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण पाव मीटरचा होतो. त्याहून लहान हवं असेल तर 'एन', एकास १६०. आणखी लहान हवं तर 'झेड', एकास २२०. ते जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं १९७२ मध्ये बाजारात आणलं. त्यातलं इंजिन ब्रीफकेसमध्ये फिरवता येतं. ब्रिटिशांचं अर्थातच वेगळं, त्यांचं 'ओओ', एकास ७६. रूळ मात्र एचओचेच वापरायचे! का, ते त्यांनाच विचारा.

खेळणं नाही हो, मॉडेल!

या मंडळींसमोर चुकूनही 'खेळण्यातली गाडी' म्हणू नका. खेळण्यातली गाडी गोल गोल फिरते. मॉडेल रेल्वेतली गाडी कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोहोचते. तिला वेळापत्रक असतं, शंटिंग असतं, सिग्नल असतो. सिग्नल लाल असताना गाडी पुढे गेली तर घरात कुणाला काही कळत नाही, पण ज्याला कळायचं त्याला रात्रभर झोप लागत नाही.

हे फक्त रिटायर्ड काकांचं वेड आहे असं वाटत असेल तर रॉक स्टार रॉड स्ट्युअर्टकडे बघा. त्यानं वीसहून जास्त वर्षं खपून चाळिशीच्या दशकातलं एक अख्खं अमेरिकन शहर एचओमध्ये उभारलं आणि २०१९ मध्ये ते जगाला दाखवलं. कॉन्सर्टच्या दौऱ्यावर असताना हॉटेलात एक जादा खोली घेऊन हा बाबा तिथे इमारती रंगवत बसायचा!

आणि आयटीवाल्यांनो, तुमच्यासाठी तर ही घरचीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' सुरू झाला. काही पोरं टेबलावर डोंगर, झाडं, स्टेशनं करायची आणि काही टेबलाखाली. खालच्यांना गाडीत रस कमी, टेलिफोनचे जुने रिले जोडून सिग्नल आणि सांधे आपोआप कसे चालतील यात जास्त. त्यांच्या बोलीतला 'हॅक' हा शब्द पुढे हीच मंडळी कॉलेजच्या कॉम्प्युटरला चिकटली तेव्हा तिकडे गेला. आज आपण ज्याला 'हॅकर' म्हणतो त्याची एक आजी आगगाडीच्या टेबलाखाली बसलेली होती, बॉस!

आपल्याकडे हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेलं, बनवलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाड्यांपर्यंत सगळं एका टेबलावर धावतं. पोरांना घेऊन आलेले बाबा पोरांपेक्षा जास्त वेळ काचेला नाक लावून उभे असतात. जगातलं सगळ्यात मोठं प्रकरण मात्र हॅम्बुर्गला आहे, २००१ मध्ये उघडलेलं 'मिनिआटुर वुंडरलांड'. तिथे विमानतळसुद्धा आहे आणि विमानं धावपट्टीवरून निघतात! ऑनसाइटला जर्मनीत असाल तर एक वीकेंड तिकडे नक्की काढा.

घाट चढायचा तर...

सगळ्यांना पहिल्यांदा बोरघाटच बनवायचा असतो. डेक्कन क्वीन, बोगदे, धबधबे, मागून ढकलणारं बँकर इंजिन. मग हिशेब सुरू होतो. कर्जत ते लोणावळा चढ १ इन ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. आता तुमच्या टेबलावर एक रूळ दुसऱ्या रुळावरून न्यायचा असेल तर निदान साडेसात सेंटिमीटर उंची लागते. ३७ नं गुणा. पावणेतीन मीटरहून जास्त लांबी नुसती चढण्यात गेली. परत खाली उतरायला तेवढीच. बेडरूम संपली!

वळणांचं तर विचारूच नका. आपल्या ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण १० अंशांचं चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. ते एचओत उतरवलं तर दोन मीटर त्रिज्या. नुसतं परत फिरायला चार मीटर रुंदीची खोली पाहिजे. म्हणून सगळे जण मनाला मुरड घालून ३६-३७ सेंटिमीटरच्या रेडिमेड वळणावर समाधान मानतात. मग त्यावर लांब डबा आला की त्याचं पोट रुळाच्या आत आणि तोंड बाहेर. दिसतं कसंतरीच, पण करणार काय?

आणि सगळ्यात मोठी गंमत. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून बेतलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. म्हणजे आपल्याला हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ, जे बाजारात मिळतच नाहीत. त्यामुळे बहुतेक भारतीय मॉडेल्स तशी चुकीच्याच रुळांवर धावतात. हां, पुण्याची मेट्रो मात्र बिनचूक बनवता येईल. ती आहेच स्टँडर्ड गेज.

पाळणा की गाडी?

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असलेला एक मित्र आहे. नाव छापू नकोस म्हणाला, कारण ऑफिसात त्याची इमेज जरा टफ वगैरे आहे. वाकडला टू बीएचके. लग्न झालं तेव्हा दुसऱ्या बेडरूममध्ये आठ बाय चार फुटांच्या प्लायवर त्याचं युरोपियन लेआउट होतं. हिमाच्छादित डोंगर, जर्मन इंजिनं, सगळं ऑनसाइटच्या पैशातून आणलेलं. मग बाळाची चाहूल लागली. बायको भांडली नाही, काही नाही. दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "हे बघ, या खोलीत एक तर पाळणा राहील, नाहीतर गाडी. तू ठरव आणि मला सांग."

ठरवण्यासारखं काय होतं म्हणा! डोंगर थर्मोकोलचा होता, कचऱ्यात गेला. इंजिनं खोक्यात, खोकी माळ्यावर. सहा महिने त्यानं माळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चिडचिड व्हायची रे. रात्री लॅपटॉप बंद केला तरी डोक्यात तेच तिकीट, तोच क्लायंट. आधी निदान हात तरी दुसऱ्या कामात असायचे," तो सांगतो.

मग बाळाला बघायला आबा आले, त्याचे आजोबा. बार्शीचे. वय ८४. सगळी नोकरी कुर्डुवाडीला पॉइंट्समन म्हणून काढलेली, तीही नॅरोगेजवर. एकदा रात्री बाळ झोपल्यावर आबांनी माळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "त्यात काय रं ठेवलंयस?" त्यानं एक इंजिन काढून हातात दिलं. आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी बोटांनी चाकं चाचपली आणि म्हणाले, "हे मोठ्या लाइनीचं हाय. आपलं न्हाई."

आपलं म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं आखलेली, १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी सुरू झालेली. बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, रूळ हलके, म्हणून कॅल्थ्रॉपनं प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं गणित बांधलं. एवढ्याशा गाडीनं पुढे पंढरपूर, लातूर, मिरज गाठलं आणि आषाढी-कार्तिकीला पिढ्यान् पिढ्या वारकरी वाहिले. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

मित्रानं त्या रात्री कॅल्क्युलेटर काढला. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७. उत्तर पावणेनऊ! आणि बाजारात 'एन'चे रूळ मिळतात नऊ मिलिमीटरचे. म्हणजे ज्या देशात ब्रॉडगेज धड बनत नाही तिथे बार्शीची गाडी जवळजवळ तंतोतंत बनते. बिचाऱ्या माथेरानच्या राणीलाही हे भाग्य नाही. तिचे दोन फूट भागले तर सात मिलिमीटर येतात, ना 'एन'मध्ये बसत ना 'झेड'मध्ये.

जागा? हॉलमध्ये टीव्हीच्या वर सहा फूट लांब, एक फूट रुंद फळी. बायकोनं मोजून दिली. बाळाचा हात पोहोचत नाही आणि पाळणाही हलवावा लागला नाही.

चहाचा चोथा आणि टिश्यू पेपरची साडी

तयार इंजिन मिळणार नव्हतंच. बाहेरून एखादं नऊ मिलिमीटरचं इंजिन मागवायचं आणि त्यावर आपला साचा चढवायचा. बाहेरून मागवणं तर हल्ली महाग प्रकरण. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. सरकारच्या लेखी स्केल मॉडेलही त्याच रांगेत येतं. एका बऱ्या इंजिनाचे पैसे म्हणजे एक ठीकठाक स्मार्टफोन. म्हणून हौशी लोक एकच इंजिन घेतात आणि बाकी सगळं हातानं. डबे सनबोर्डचे, वायरी आणि स्विच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून (मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड), गवतासाठी वखारीतला भुसा रंगवून, माती म्हणून वापरलेल्या चहाचा वाळवलेला चोथा. चोथा कडक वाळवायचा हं, नाहीतर पावसाळ्यात स्टेशनाला बुरशी येते.

माणसं विकत मिळतात, पण ओव्हरकोट घातलेली जर्मन! त्यांच्या टोप्या पांढऱ्या रंगवल्या की अर्धे वारकरी तयार. साडीसाठी टिश्यू पेपरची पट्टी, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून चिमट्यानं गुंडाळायची. एका बाईला एक संध्याकाळ.

चालवायची पद्धतही बदलली आहे. पूर्वी रुळांत १२ व्होल्टपर्यंत डीसी सोडायचा. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे. पण एका रुळावर दोन इंजिनं असली की दोन्ही एकदम पळायची. आता डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल आलं. प्रत्येक इंजिनात छोटी चिप, तिला स्वतःचा पत्ता, आणि हुकूम त्याच रुळांतून जातो. नेटवर्किंगवाल्यांना समजावून सांगायला नको. अर्थात रुळावर धुळीचा थर असला की हुकूम पोहोचत नाही आणि गाडी आचके देत उभी राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाचा बोळा आणि धीर हे तीनच उपाय.

आबांची पावलं

अडचण वेगळीच निघाली. नॅरोगेजच्या यार्डाचा हवा तसा नकाशा मित्राला मिळेना. जे होतं ते आबांच्या डोक्यात. मग रोज रात्री जेवणं झाली की चौकशी सुरू. "आबा, गोदाम प्लॅटफॉर्मपासून किती लांब होतं?" "चाळीस पावलं." "आणि सांध्याचा लिव्हर?" "डाव्या अंगाला. अरं, रात्री कंदील घिऊन जायचो मी, अंधारात पायाला कळायचं."

चाळीस पावलं, पण कुठली? आत्ताची की तेव्हाची? आता आबा घरात भिंत धरून चालतात, त्यांचं पाऊल वीतभर पडतं. त्यांची उंची आणि नातवाची उंची जवळपास सारखी. म्हणून त्यानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच चालून टेपनं मोजलं. एका पावलाला ७० सेंटिमीटर, म्हणजे २८ मीटर, म्हणजे फळीवर ३२ सेंटिमीटर. गोदाम तिथे बसवलं. आबांनी प्लॅटफॉर्मपासून बोटं सरकवत नेली, गोदामाला लागली तशी थांबवली. "जरा पुढं घे," म्हणाले. एक बोट पुढं घेतलं.

आबांचं एक डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये आहे. डॉक्टर फार आशा लावू नका म्हणालेत. त्यामुळे हल्ली मित्र इंजिनाच्या रंगाच्या भानगडीत पडत नाही. बोटांना कळेल ते आधी करतो. फलाटाची कड, लिव्हरचा दांडा, पाण्याच्या टाकीची शिडी. परवा फोनवर सांगत होता, सांध्याचा आवाज अजून हवा तसा येत नाहीये. मोटर फार गुपचूप फिरते. आबा म्हणतात, "खट्ट व्हायला पायजे, त्याबिगर गाडी सोडायची न्हाई." या शनिवारी तो तपकीर गल्लीत जुने रिले बघायला चाललाय.