फांद्यांची कुट्टी करणारे छोटे यंत्र : निवड, बदल आणि हाताची काळजी

आपल्या संस्थेच्या वसतिगृहाचे आवार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथील झाडे आठवत असतील. कुंपणालगत सुबाभूळ, फाटकाशी गुलमोहर, मागच्या बाजूला दोन मोठे वर्षावृक्ष आणि विहाराशेजारी पिंपळ. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी यांची छाटणी करावी लागते, नाहीतर पहिल्याच वादळात फांदी छपरावर येते. शहरातील झाडांना १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू असल्याने आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते. ते सर्व होते. खरा प्रश्न छाटणीनंतर उभा राहतो. जाड लाकूड कोणीही घेऊन जातो. पण मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्यांचा ढीग कोणालाच नको असतो.

पूर्वी आम्ही तो ढीग पेटवून देत असू. धूर सरळ मुलांच्या अभ्यासिकेत जाई. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली. पण नियमापेक्षाही मुलांच्या खोकल्याने आम्हांला आधी थांबवले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग सभासदांच्या वर्गणीतून आम्ही फांद्यांची कुट्टी करणारे एक छोटे, जुने यंत्र विकत घेतले. ते घेताना काय चुकले, पुढे त्यात कोणते बदल केले आणि कोणते केले नाहीत, याची माहिती इतर संस्थांना व छाटणीचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांना उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

यंत्राची ओळख

या यंत्राला चिपर म्हणतात. गावाकडची कडबाकुट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते समजायला वेळ लागणार नाही. कडबाकुट्टीत चाकाला पाती असतात आणि वैरण त्यांच्या पुढ्यात सरकवली जाते. चिपरमध्ये तेच काम लाकडावर होते. म्हणून पाती जाड, चकती जड आणि वेग फार मोठा. छोट्या यंत्रांत साधारणपणे पोलादी चकती असते. तिच्यावर दोन किंवा अधिक पाती बोल्टने बसवलेली असतात. पात्यासमोर एक स्थिर पट्टी असते. फिरते पाते आणि ही पट्टी यांच्यामध्ये कात्रीसारखी फांदी कापली जाते व तिच्या ढलप्या होतात. काही यंत्रांत चकतीऐवजी पिंप असते. हातोड्यांसारखे तुकडे लावलेली यंत्रेही मिळतात. ती पाला व काड्या चुरडण्यास बरी, पण मनगटाएवढ्या फांदीपुढे थांबतात.

निवड करताना

पहिली गोष्ट म्हणजे माहितीपत्रकातील आकड्यावर विसंबू नये. ‘तीन इंचांपर्यंत’ असे लिहिलेले असते, ते सरळ, ओल्या आणि मऊ लाकडाबद्दल असते. आपल्याकडची वाळलेली बाभूळ किंवा चिंच त्या हिशेबात बसत नाही. साडेसहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असलेल्या यंत्रावर दिवसभराचे काम दीड-दोन इंचांच्या फांद्यांचेच होते, असा आमचा अनुभव आहे. रोज तीन इंचांचे लाकूड कापायचे असेल, तर त्याच्या दुप्पट शक्तीचा विचार करावा.

दुसरी गोष्ट तोंडाच्या आकाराची. फांदी बांबूसारखी सरळ नसते, तिला बेचके असते. तोंड अरुंद असेल तर प्रत्येक बेचके कोयत्याने तोडावे लागते आणि यंत्रावर जेवढा वेळ जातो, त्याहून अधिक वेळ कोयत्यावर जातो. घेण्यापूर्वी आपल्याच आवारातील एक मोळी सोबत न्यावी आणि ती यंत्रात घालून पाहावी. आम्ही हे केले नाही.

तिसरी गोष्ट शक्तीच्या साधनाची. काम एकाच आवारात असेल तर थ्री-फेज विजेची मोटर बरी. आवाज कमी आणि देखभालही कमी. गल्लोगल्ली फिरून छाटणी करणाऱ्यांना पेट्रोलचे यंत्र सोयीचे. गावात ट्रॅक्टर असेल तर त्याच्या दांड्यावर चालणारे यंत्र घेता येते. पण तो दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. त्यावर पूर्ण आवरण नसेल तर धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा ओढणी गुंडाळली जाण्यास एक क्षण पुरतो.

तीन सेकंदांचा हिशेब

आमच्या यंत्राचे तोंड पात्यापासून जेमतेम दीड फुटावर होते. दुसऱ्याच आठवड्यात आमच्यातील एक तरुण आखूड तुकडे हाताने आत लोटत होता. त्याच्या सैल हातमोज्याची कड एका बेचक्यात अडकली. मोजा आत गेला, हात बाहेर राहिला. सैलपणामुळेच मोजा अडकला आणि सैलपणामुळेच तो हातातून निसटला. अशा योगायोगावर कोणाच्या घरची रोजीरोटी अवलंबून ठेवता येत नाही. आम्ही त्याच दिवशी यंत्र बंद केले आणि हिशेब मांडला.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. चकती मिनिटाला १००० फेरे घेते, तिच्यावर दोन पाती आहेत आणि प्रत्येक पाते ८ मि.मी. लांबीची ढलपी काढते, असे धरू. म्हणजे एका फेऱ्यात १६ मि.मी. आणि एका मिनिटात १६ मीटर फांदी आत ओढली जाते. सेकंदाला हे सुमारे २७ सें.मी. होतात. सुरक्षेची अंतरे ठरवताना माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाऊ शकेल, असे समजून ८५ सें.मी. अंतर धरले जाते. एवढे अंतर ओढले जाण्यास तीन सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. चकती २००० फेऱ्यांची असेल तर निम्माच. एवढ्या वेळात शेजाऱ्याला हाक मारून होत नाही.

हे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. कडबाकुट्टीत बोटे गेलेला माणूस कित्येक गावांत पाहावयास मिळतो. मळणीयंत्रांवरील अपघातांच्या पार्श्वभूमीवर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणीयंत्राच्या भारतीय मानकातही पिके आत सरकवण्याची पन्हळ किमान ९० सें.मी. लांब व तिचा ४५ सें.मी. भाग वरून झाकलेला असावा, असे सांगितले गेले. त्यामागचे तत्त्व एकच आहे : हात आणि पाते यांच्यातील अंतर.

आम्ही केलेले बदल

१) तोंडाची लांबी. वेल्डिंग करणाऱ्याकडून ३ मि.मी. पत्र्याचे नवे हॉपर करून घेतले. आता पात्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेतीन फूट अंतर आहे आणि आतला निम्मा भाग वरून बंद आहे. मध्ये जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे रबर लोंबते सोडले आहे. त्यामुळे उलट उडणारे तुकडे डोळ्यांवर येत नाहीत.

२) लोटण्याची काठी. आखूड तुकडे हाताने कधीही लोटायचे नाहीत. त्यासाठी लाकडी काठी यंत्राला साखळीने बांधून ठेवली आहे. ती लाकडीच हवी. लोखंडी सळई पात्याला लागली तर पाते फुटते.

३) बंद करण्याचे बटण. मोठे लाल बटण हॉपरच्या तोंडाशी, कमरेच्या उंचीवर आणले. विजेच्या यंत्राला असा स्टार्टर हवा की वीज गेल्यावर तो सुटेल आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होणार नाही. विहिरीच्या पंपाला भारनियमनामुळे ऑटो स्विच लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो या यंत्राला चुकूनही लावू नये. वीज परत येईल तेव्हा कोणाचा तरी हात आत असेल. मात्र बटणावर फार भरवसा ठेवू नये. इंजिन बंद झाले तरी जड चकती बराच वेळ फिरत राहते. अडकलेला हात बटणाने वाचत नाही, हॉपरच्या लांबीने वाचतो.

४) चकतीला खिळ. ओला पाला नळीत तुंबतो. पिंपळ, वड, उंबर यांचा चीकही पात्यांना चिकटतो. सफाईपूर्वी स्पार्क प्लगची वायर काढायची किंवा मुख्य स्विच बंद करायचा, चकती थांबेपर्यंत वाट पाहायची आणि भोकातून जाड खिळ घालून ती अडकवायची. मगच झाकण उघडायचे.

५) पाती. सर्व पाती एकाच वेळी आणि सारखीच घासावीत, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरते. घासताना पाते निळे पडले तर त्याचे पाणी उतरले असे समजावे. पाते आणि स्थिर पट्टी यांतील फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावी. बोथट पात्यांमुळे माणूस जोराने लोटू लागतो आणि अपघात तेथूनच सुरू होतो.

जे बदल करू नयेत

पुली बदलून वेग वाढवण्याचा सल्ला आम्हांला अनेकांनी दिला. वेग सव्वापट केला तर चकतीतील ऊर्जा दीडपटीहून अधिक होते आणि बोल्ट तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. चकतीवर वेल्डिंग करू नये. जुन्या गाडीच्या पाट्यांपासून स्वस्त पाती घडवून घेऊ नयेत. काम भराभर व्हावे म्हणून कोणतेही आवरण काढू नये. आम्ही एकच कसोटी ठरवली आहे : ज्या बदलाने हात पात्यापासून दूर जातो तो करावा, ज्याने जवळ येतो तो कितीही सोयीचा असला तरी करू नये.

ढलप्यांचा उपयोग

ढलप्या झाडांच्या बुंध्याभोवती दोन ते चार इंच जाड पसराव्यात. ओल टिकते आणि तण कमी होते. बुंध्याला मात्र चिकटवू नयेत. मातीत मिसळू नयेत, कारण कुजताना त्या जमिनीतील नत्र खेचून घेतात. खतासाठी शेण किंवा हिरवा पाला सोबत घालावा. भिंतीलगत ढीग करू नये; वाळवी लागते.

आता आमच्या आवारात धूर होत नाही. यंत्रावर एका वेळी दोनच प्रौढ माणसे असतात. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवरण, अंगात घट्ट बाह्यांचे कपडे, आणि मोजे घालायचेच तर मनगटाशी घट्ट बसणारे. विद्यार्थी फांद्या ओढून आणतात, पण हॉपरपासून दूर रेघ आखली आहे, तिच्या आत येत नाहीत. ज्याचा मोजा गेला, तोच तरुण आज नव्या मुलांना हे यंत्र शिकवतो. शिकवताना तो आधी टेप काढून हॉपरची लांबी मोजून दाखवतो आणि मगच इंजिन सुरू करतो. यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या संस्थांनी आमच्याकडे येऊन हे काम अवश्य पाहावे, आणि येताना आपल्या आवारातील एक मोळी सोबत आणावी.