नराराला जायचं तर ओहोटी बघून

गुजरातमध्ये जामनगरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ, नरारा आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. इथल्या समुद्राला १९८० मध्ये अभयारण्याचा आणि १९८२ मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ओहोटीला पाणी मागे हटलं की इथला प्रवाळखडक उघडा पडतो आणि त्यावरून पायी फिरता येतं. प्रवाळ बघायचे तर पाणबुड्याचा पोशाख चढवून अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावं लागतं, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते. नराराला साधं पोहताही यावं लागत नाही. पाणी नितळ निळं असलं तरच प्रवाळ जगतात, हेही अर्धंच खरं. कच्छच्या आखाताचं पाणी गढूळ आणि नेहमीपेक्षा खारट, हिवाळ्यात बरंच गार. तरीही इथे प्रवाळ तग धरून आहेत.

चालणं दीड-दोन तासांचं. म्हणूनच द्वारका-सोमनाथच्या सहलीत ‘वाटेत जाता जाता’ करायचं ठिकाण म्हणून मंडळी ते यादीत टाकतात आणि तिथेच गणित चुकतं. जेवणं आटोपून चारला पोहोचलात आणि तेव्हा भरती असली, तर तिवरांच्या पलीकडे मातकट पाण्याशिवाय काही दिसत नाही. इथे आधी ओहोटीची वेळ बघायची, मग तारीख ठरवायची आणि रेल्वेचं तिकीट सर्वांत शेवटी काढायचं.

ओहोटी तर रोज दोनदा येते, मग कोणताही दिवस चालेल, असं वाटणं साहजिक आहे. पण अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं हटतच नाही आणि खडकाचा बराच भाग बुडालेला राहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते खूप आत जातं. उधाणाचा जोर बहुधा त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीत पाणी जास्त उतरतं, दुसरीत कमी, आणि जास्त उतरणारी नेमकी काळोखात येऊ शकते. म्हणून तक्त्यात वेळेबरोबर उंचीचा आकडाही वाचायचा. तो जितका लहान, तितका खडक जास्त उघडा. वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एखादा दिवस मागेपुढे केला तरी सकाळची सोयीची ओहोटी मिळू शकते.

कोकणातल्या वाचकांना तिथीवरून भरती काढायचा हिशोब पाठ असतो: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे साडेसातच्या सुमारास सुकती. आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब चांगला चालतो, पण तो कच्छच्या आखातात वापरू नये. तिथे भरती ओख्याच्या बाजूने तोंडातून आत शिरते आणि पूर्वेकडे सरकत जाते. आखात निमुळतं होत जातं तशी भरतीची वेळ लांबते आणि पाण्याची चढउतार वाढते. आखाताच्या आतल्या नवलखी बंदरात ही चढउतार ओख्याच्या जवळपास दुप्पट होते. तेव्हा मुंबईचं कोष्टक तर नाहीच, ओख्याचंही जसंच्या तसं उपयोगाचं नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. त्यात जवळच्या बंदराची वेळ पाहावी आणि निघण्याआधी ती वनविभागाकडून पक्की करून घ्यावी. प्रवेशासाठी त्यांची परवानगी लागतेच.

सर्वांत घातक समज पाण्याच्या परतण्याबद्दल आहे. भरती समोरून लाटांनी येईल, दिसली की मागे फिरू, असं आपण चौपाटीच्या सवयीने धरून चालतो. नराराचा खडक सपाट आहे, पण त्यात चर आहेत. पाणी आधी या चरांतून गुपचूप वर चढतं. आपण खड्ड्यातला खेकडा न्याहाळत असतो आणि जाताना घोट्याएवढा असलेला मागचा ओहोळ गुडघ्याला लागलेला असतो. चढण्याचा वेगही सारखा नसतो. सहा तासांत पाणी साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा बाराव्या भागांनी चढतं. एकूण चढ ५ मीटर धरला तर पहिल्या तासात जेमतेम ४० सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात सव्वा मीटर. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या तासात अडकतो. त्यामुळे ओहोटीच्या वेळेला निघायचं नाही. तिच्या दीड-दोन तास आधी, उतरत्या पाण्यामागोमाग चालायला लागायचं आणि पाणी थांबलं की वळायचं. स्थानिक वाटाड्या सोबत हवाच. चर कुठे आहेत ते त्याला ठाऊक असतं.

अनवाणी किंवा चपला घालून जाता येईल, हा विचार सोडा. सुरुवातीच्या चिखलात चप्पल रुतून राहते आणि पुढे कालवांच्या धारदार कडा असतात. भिजले तरी चालतील असे जाड तळव्याचे, घट्ट बांधलेले बूट घाला. पाण्याखालच्या वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चला, म्हणजे दबा धरून बसलेला पाकट आधीच निसटून जातो.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. केंड मासा हातात घेऊन फुगवून दाखवणं हा अशा सहलींतला आवडता कार्यक्रम असतो. मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. तो मासा खेळत नसतो, घाबरलेला असतो. एरवी तो पाणी गिळून फुगतो. पाण्याबाहेर धरला तर हवा गिळतो आणि ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मग तो पोट वर करून तरंगत राहतो, कधी मरतोही. समुद्रकाकडी फार छेडली तर स्वतःची आतडी बाहेर टाकते. दगड उलटा केला की त्याच्या सावलीत जगणारे जीव उन्हात सुकतात. वाटाड्या उचलून दाखवू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा. त्याला वाटतं, पाहुण्यांना हेच हवं असतं. उथळ पाण्यात उकिडवं बसून पाच मिनिटं स्थिर राहिलं तर तारामासा सरकताना आणि समुद्रफुलं उमलताना दिसतात. मुलांना हे नक्कीच जमतं.

आणि खडक? त्यावर पाय दिला तर काय बिघडतं? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती मऊ शरीराच्या बारीक प्राण्यांची वसाहत असते. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांच्या अंगात राहणारी शेवाळं त्यांना अन्न पुरवतात. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी खूप. म्हणजे बुटाखाली मोडलेला वीतभर तुकडा वीसेक वर्षांचा असू शकतो. पाय वाळूवर किंवा उघड्या, निर्जीव खडकावरच ठेवावा.

मेलेला तुकडा, रिकामा शंख नेला तर कोणाचं काय जातं, असंही विचारलं जातं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेणं गुन्हाच. कायदा बाजूला ठेवला तरी, याच आखातातून एकेकाळी सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली जात होती. खडकाने ते सोसलं आहे, आणि आज तो तेलाच्या धक्क्यांच्या आणि शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी उभा आहे. रिकाम्या शंखालाही इथे गिऱ्हाईक असतं. शंखात राहणारा खेकडा वाढला की जुनं घर सोडून मोठा शंख शोधतो आणि तो मिळेपर्यंत त्याचं मऊ पोट आखडत्या जागेतच कोंबलेलं राहतं.