हक्क की मेहेरबानी? (उडती यंत्रं : लेखांक ९)

बॅटरीची निगा हा या आठवड्याचा ठरलेला विषय पुढे ढकलतो आहे. ड्रोनसाठी आखलेल्या हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगीच्या) आणि लाल (मनाईच्या) क्षेत्रांच्या नकाशावर लिहिल्यानंतर वाचकांची जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच आहे. नकाशावर आमचं गाव हिरव्यात आहे, ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, तरी लोक आणि पोलीस अडवतात ते कशाच्या जोरावर? एका पत्रात तर थेट विचारलं आहे, की हौसेखातर ड्रोन उडवणं हा आपला हक्क आहे की सरकारची मेहेरबानी? प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही, म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच.

राज्यघटनेत ड्रोन उडवण्याचा हक्क लिहिलेला नाही, हे आधी मान्य करू. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाला विमानवाहतुकीच्या आकाशातून जाण्याचा सार्वजनिक हक्क आहे असं स्पष्ट वाक्य आहे. आपल्याकडे तसं वाक्य नाही. पण त्या वाक्याने तिथल्या हौशी मंडळींना किती तारलं, तेही पाहा. छंदाच्या विमानांसाठी विमान प्रशासनाने नवे नियम करू नयेत, असं तिथल्या संसदेने २०१२ मध्ये ठरवलं. तरी २०१५ च्या अखेरीस नोंदणी सक्तीची झाली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने ती छंदापुरती रद्द केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून ती परत आणली. म्हणजे कायद्यात वाक्य असणं किंवा नसणं यावर सगळं ठरत नाही. परदेशी जाण्याचा हक्कही आपल्या घटनेत नावानिशी नाही. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या आणि १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मध्ये पाहिला. ड्रोनची हौस त्या तोलाची आहे असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच, की कायद्याने मना न केलेली गोष्ट करायला नागरिक मोकळा असतो आणि मनाई करायची तर कारण दाखवण्याची जबाबदारी मनाई करणाऱ्याची असते. ऑक्टोबर २०१४ पासून पुढची चार वर्षं आपल्याकडे नागरी ड्रोनला जवळजवळ सरसकट बंदीच होती, त्यामुळे ही जबाबदारी उलटी आहे असं आपण धरून चाललो. उडवणाऱ्यानेच कारण द्यायचं, ही सवय तेव्हाची आहे आणि ती अजून गेलेली नाही.

नियम मात्र पुढे गेले आहेत. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या ‘मॉडेल’ ड्रोनची व्याख्या आहे. शिक्षण, संशोधन, रचना आणि चाचणी यांच्या जोडीने करमणूक हाही हेतू त्या व्याख्येत लिहिलेला आहे, अट एवढीच की ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहिला पाहिजे. दोन किलोपर्यंतचा ड्रोन पैशासाठी नसेल तर वैमानिकाचं प्रमाणपत्रही लागत नाही. छंद कायद्याच्या फटीतून शिरलेला नाही, व्याख्येतच बसलेला आहे.

आता पोलिसांच्या मनाईकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. याच नियमांत तातडीच्या बंदीची सोय आहे. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला तात्पुरतं लाल क्षेत्र ठरवू शकतात; पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी, अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, आणि डिजिटल स्काय मंचाच्या नकाशावर दाखवून. क्षेत्राचा आकारही गरजेपेक्षा मोठा असू नये, अशी अपेक्षा आहे. मिरवणूक, मोठ्या नेत्याचा दौरा, दंगलीची भीती, यांसाठी चार दिवस पुरतात आणि लागलेच तर वाढवता येतात. प्रत्यक्षात मुंबईसारख्या शहरात काय होतं? जमावबंदीच्या कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली, सबंध आयुक्तालयाच्या हद्दीत तीस दिवसांची मनाई निघते. ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे असे सगळे एकाच ओळीत. मुदत संपली की बहुधा पुन्हा तसाच आदेश. हे कलम आणीबाणीच्या प्रसंगासाठी आहे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कलमाखाली तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. तो खटला काश्मीरमधल्या निर्बंधांचा होता, ड्रोनचा नव्हता; पण कलम तेच आहे आणि तत्त्वही तेच लागू पडतं. धोका बारमाही असेल तर ती जागा केंद्राकडून कायमची लाल करून घ्यावी, म्हणजे निदान ती नकाशावर दिसेल. विमानतळ आणि नौदलाचे तळ यांमुळे मुंबईचा मोठा भाग तसाही लाल-पिवळ्यातच येतो.

‘पण सुरक्षेचं काय?’ हा आक्षेप हलका नाही. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. तो दिवस आणि नियमांची तारीख शेजारी ठेवून पाहा. हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत याच देशाच्या सरकारने ड्रोनचे नियम पूर्वीपेक्षा सैल केले. अर्जांचे नमुने पंचवीसवरून पाचवर आणले. हल्ला करणारा परवाना मागायला येत नाही आणि मनाईचा आदेश वाचून थांबत नाही, एवढं दिल्लीत उमजलं होतं. सरसकट मनाई पाळतो तो आधीच नियम पाळणारा माणूस. त्याला घरी बसवून पोलिसांच्या हाती सुरक्षा म्हणून नेमकं काय लागतं?

तरीही लोकांचा संशय खोटा आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात आणि पुढे बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली. उसाच्या फडांमधली एकाकी वस्ती, घरात म्हातारी माणसं आणि लेकरं, आणि वर लाल-हिरवे दिवे लुकलुकत काहीतरी घरघरतंय. चोर टेहळणी करताहेत ही शंका येणारच. गडी काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्तीला निघाले, ते अडाणीपणाने नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत शिकल्यासवरल्या लोकांची हीच गत झाली. एफबीआयकडे पाच हजारांहून जास्त खबरा आल्या आणि त्यांतल्या पुढे तपासण्याजोग्या शंभराच्या आसपास निघाल्या. बाकी कायदेशीर व्यावसायिक ड्रोन, पोलिसांचे ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टरं, चक्क तारे, आणि हौशी लोकांचे ड्रोनही. शिरूर काय आणि न्यू जर्सी काय, माणसं यंत्राला भ्यायली नव्हती. ते कुणाचं आहे हे कळत नव्हतं, याला भ्यायली होती.

याचा पुरावा आपल्या गच्चीवरच आहे. २०२४ अखेरपर्यंत लागू असलेल्या १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ या व्याख्येत पतंगही येत होता. नायलॉन मांजाने दर संक्रांतीला माणसांचे गळे चिरतात, पक्षी मरतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या मांजावर देशभर बंदी घातली. पण पतंगावर नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये पतंगबाजीवर सरसकट बंदी घालायला नकार दिला आणि मांजाची बंदी नीट राबवा असं सांगितलं. अडीचशे ग्रॅमच्या ड्रोनपेक्षा तो मांजा कितीतरी घातक, तरी पतंगवाल्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते साऱ्या आळीला दिसतं, म्हणून. ड्रोनला दोरी नाही. तिची जागा ओळखीने भरून काढावी लागेल. अमेरिकेत नोंदणी लागणाऱ्या ड्रोनने आपला क्रमांक आणि ठावठिकाणा हवेतून सांगत राहावं, याची अंमलबजावणी मार्च २०२४ पासून सुरू आहे. आपल्या नियमांतही अशी सोय सक्तीची करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. हौशी मंडळींनी तिला विरोध करू नये, उलट ती मागून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला खासगीपणा. इथे हौशी बाजूचा एक युक्तिवाद मला अजिबात पटत नाही : ‘आकाश कुणाच्या मालकीचं नाही, मग शेजाऱ्याच्या अंगणावरून गेलं तर काय?’ १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉस्बी नावाच्या कोंबडीपालकाचा खटला निकाली काढला. लष्करी विमानं त्याच्या जागेवरून ८३ फुटांवरून जात. बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून दीडशेच्या आसपास मेल्या. जमिनीच्या मालकाची मालकी थेट स्वर्गापर्यंत जाते ही जुनी समजूत न्यायालयाने मोडीत काढली, पण लगतच्या हवेवर त्याचा हक्क राहतो असंही म्हटलं आणि भरपाईचा हक्क मान्य केला. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आहे. उडवण्याची मोकळीक आणि पाहण्याची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मी मागतो. दुसऱ्याच्या न्हाणीघरात, गच्चीत, परसात डोकावण्याची दुसरी कुणी मागू नये.

म्हणून पत्राला माझं उत्तर असं : मूलभूत हक्क नाही, पण मेहेरबानीही नाही. ती कायद्याने मान्य केलेली मोकळीक आहे आणि ती रोखायची तर ९६ तासांच्या नियमाने, नकाशावर दाखवून, कारण देऊन रोखावी. तुमच्या शहरात तीस दिवसांचा आदेश निघाला तर आयुक्तालयाला लेखी विचारा, की नियमांत खास सोय असताना जमावबंदीचं कलम का वापरलं. आणि गावात उडवायचं असेल तर दिवसा उडवा, आधी पोलीस पाटलांना सांगा, अंगात ठळक रंगाचं जाकीट घालून मोकळ्यावर उभे राहा, कुणी विचारलं तर नियंत्रकाचा पडदा त्याच्यासमोर धरा. बॅटरी पुढच्या आठवड्यात नक्की.