जिवाणूंचे बदलते कवच

प्रतिजैविके ही विसाव्या शतकाने मानवाला दिलेली मोठी देणगी होय. मात्र ज्या जिवाणूंच्या नाशासाठी ती निर्माण झाली, त्यांतील अनेक जिवाणू आज या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. हे कसे घडते, ते ‘कोलिस्टिन’ या औषधाच्या उदाहरणावरून पाहू.

ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जिवाणूंच्या पेशीभोवती एक जादा बाह्य पटल असते. अनेक औषधे या पटलापाशीच अडतात. या पटलातील स्निग्ध रेणूंवर फॉस्फेटचे ऋणभारित गट असतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे धनभारित कण त्यांना एकत्र बांधून ठेवतात. कोलिस्टिनही धनभारित असते. ते ऋणभाराकडे ओढले जाते, या कणांना दूर सारते व पटल खिळखिळे करते. परिणामी जिवाणू मरतो.

काही जिवाणूंमध्ये मात्र या फॉस्फेटला आणखी एक रासायनिक गट जोडला जातो. त्यामुळे पटलावरील ऋणभार घटतो आणि कोलिस्टिनला तेथे नीट चिकटता येत नाही. कुलूप बदलले की जुनी किल्ली निकामी ठरते, तसेच हे आहे.

जिवाणू हा बदल ठरवून करीत नाहीत. तो योगायोगाने घडतो. परंतु औषधाने इतर जिवाणू मेले, की बदललेले तेवढे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. असा बदल घडवणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. ते चीनमध्ये डुकरांत, मांसात व रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून कोलिस्टिन दिले जात असे. इतर औषधे निष्फळ ठरल्यावर रुग्णांना देण्याचे हे औषध! म्हणूनच भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरिता त्याचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली.

या बाबतीत आपलीही जबाबदारी आहे. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते; त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी बदललेल्या जिवाणूंनाच वाव देते. आणि त्याची किंमत उद्या एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला मोजावी लागते.