एल. जे. रोडवरच्या ‘लेडी’ नेमक्या कोण?

सिटीलाइट, शितळादेवी, सेंट मायकल चर्च... दादरहून माहीमकडे जाताना हे सगळं ज्या रस्त्यावर लागतं, तो एल. जे. रोड. कॅबच्या ॲपवर, दुकानांच्या पाट्यांवर बहुतेक ही दोन अक्षरंच दिसतात. पूर्ण नाव लेडी जमशेटजी रोड. गोंधळ इथेच होतो. जमशेटजी हे तर पुरुषाचं नाव. मग लेडी कोण?

त्यांचं नाव आवाबाई. जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी. लग्नाआधीही दोघं नात्यातलेच, आवाबाई या जमशेटजींच्या मामाची मुलगी. मामा फ्रामजी बाटलीवाला; आडनावाप्रमाणेच धंदा बाटल्यांचा. जमशेटजींनी उमेदवारी केली ती याच मामांकडे. पुढे चीनशी कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा कमावला. (दानशूरपणाच्या गोष्टी सांगताना अफू सहसा गाळली जाते.) १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि ब्रिटिश रिवाजाप्रमाणे पत्नी ‘लेडी’ झाल्या. पण ‘लेडी’च्या पुढे नाव लागलं ते नवऱ्याचं!

रस्त्याला त्यांचं नाव मिळण्याचं कारण या रस्त्याच्या उत्तर टोकाला आहे. त्या काळी मुंबई माहीमला संपायची. पलीकडे वांद्रे, म्हणजे साष्टी बेट. मध्ये खाडी, आणि ती ओलांडायला होडी. पावसाळ्यात खाडीला उधाण आलं की हा प्रवास जिवावरचा. खाडीवर पक्का रस्ता हवा होता, पण एवढा खर्च करायला सरकार राजी नव्हतं. तेव्हा आवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. १८४०च्या दशकातले दीड लाख! अट होती, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे तयार झाला. आजही तिथून गाडी फुकट जाते. टोल लागतो तो शेजारच्या सी-लिंकवर.

या घराण्यात नावाची आणखी एक गंमत आहे. १८५७ मध्ये जमशेटजींना ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यासाठी १८६०मध्ये झालेल्या कायद्यानुसार, किताब ज्या वारसाकडे जाईल त्याने स्वतःचं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यायचं. म्हणजे पुढच्या प्रत्येक सरांची पत्नीसुद्धा लेडी जमशेटजीच. रस्ता आहे तो त्यातल्या पहिल्या लेडींचा, आवाबाईंचा.