लहान नौकेवरील शौचकूप : निवड कशी करावी?



आजच्या विषयाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ती आठी माझ्या ओळखीची आहे. पस्तीस वर्षें मीं शाळेंत शिकविलें. पचनेंद्रियांचा धडा शेवटास आला कीं मुलें माना खालीं घालीत आणि मास्तरहि दोन पानें घाईनें उलटीत. परंतु जें बोलावयास आपण लाजतों, त्याचा विचारहि आपण टाळतों. आणि त्या टाळण्याचें फळ बहुधा घरांतल्या सर्वांत दुर्बळ माणसाला भोगावें लागतें. म्हणून आज थोडा संकोच बाजूस ठेवून बोलणार आहें.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें व त्याच्या भावानें मिळून बावीस फुटांची एक जुनी फायबरची होडी विकत घेतली व ती रेवदंड्याच्या खाडींत ठेविली. महिन्यांतून एक-दोन रविवारीं हें कुटुंब चिंचवडहून तिकडे जातें. गेल्या उन्हाळ्यांत त्याच्या मातोश्री प्रथमच बरोबर गेल्या. वय साठीच्या पुढें, त्यांत मधुमेह. होडीवर संडास नाहीं हें त्यांना ठाऊक होतें; म्हणून त्यांनीं कोणास न सांगतां सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीं. संध्याकाळीं घेरी आली, रात्रीं ताप चढला, आणि मूत्रमार्गाच्या दाहामुळें तीन दिवस रुग्णालयांत काढावे लागले. पुढच्या रविवारीं मुलगा माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, आई म्हणते आतां होडीवर पाऊल ठेवणार नाहीं. होडींत संडास बसवावा म्हणतों. पण कोणता बसवावा हें कळत नाहीं."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. नौकाबांधणी हा माझा विषय नव्हे. परंतु प्रश्न नीट मांडला म्हणजे अर्धें उत्तर हातीं येतें, एवढें मला शाळेनें शिकविलें. तेव्हां आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

पहिला प्रश्न त्यानेंच काढला. "एवढ्या मोठ्या खाडींत चार माणसांचें काय तें? भरती-ओहोटी सगळें धुऊन नेईल." हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. ओहोटीनें जें बाहेर जातें, त्यांतलें पुष्कळ पुढच्या भरतीबरोबर परत आंत येतें. शिवाय खाडींतल्या तिसऱ्या व कालवें हे प्राणी पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म कणांवर जगतात. गाळतांना पाण्यांतले रोगजंतूहि त्यांच्या शरीरांत सांठतात. ओहोटीच्या वेळीं चिखलांत बसून ज्या बाया तिसऱ्या गोळा करितात, त्यांच्या टोपलींतून तेच जंतु कोणाच्या तरी ताटांत येतात. आपण चिंचवडकरांना तर हें अधिक समजावयास हवें. पवनेचें पाणी रावेत येथें उचलून, निगडीस शुद्ध करून आपल्या नळांना येतें. रावेतच्या वर कोणीं नदींत घाण सोडली तर आपण रागावूं. मग दुसऱ्याच्या खाडीच्या वर आपण बसलों असतां वेगळा न्याय कसा लावावा?

मोठ्या जहाजांसाठीं आंतरराष्ट्रीय नियम आहेत. सागरी प्रदूषणाच्या करारांतील मैलापाण्याविषयींचें परिशिष्ट २००३ सालीं अमलांत आलें. त्याप्रमाणें प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आंत सोडतां येत नाहीं. परंतु तो नियम चारशें टनांच्या वरच्या, किंवा पंधरांहून अधिक माणसें नेणाऱ्या जहाजांना लागू आहे. बावीस फुटांच्या होडीपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. तेथें पहारेकरी आपली सद्‌सद्विवेकबुद्धिच. म्हणून आम्हीं पहिली अट अशी लिहिली : होडींतून खाडींत कांहींहि जावयाचें नाहीं.

ही अट घातली कीं चार मार्ग उरतात. ते क्रमानें पाहूं.

पहिला मार्ग झांकणाच्या बादलीचा. स्वस्त आहे, पण होडी डोलूं लागली कीं बादली कलंडते, आणि साठीच्या बाईनें तिच्यावर बसावें ही अपेक्षाच क्रूर आहे. तो आम्हीं खोडला.

दुसरा मार्ग खऱ्या समुद्री संडासाचा. यांत होडीच्या तळाला दोन छिद्रें असतात; एकांतून हातपंपानें समुद्राचें पाणी आंत ओढावयाचें व दुसऱ्यांतून मैला बाहेर लोटावयाचा. आमच्या अटीप्रमाणें बाहेर लोटण्याऐवजीं तो एका बंद टांकींत न्यावा लागेल. हा प्रकार मोठ्या नौकांत चांगला चालतो. पण यांत एक धोका आहे आणि तो प्रत्येकानें समजून घ्यावा. संडासाचें भांडें पाण्याच्या पातळीच्या खालीं असेल तर वक्रनलिकेच्या नियमानें समुद्राचें पाणी आपोआप आंत येऊं लागतें. वक्रनलिका आपण शाळेंत पाहिली आहे : भरलेल्या पिंपांत रबरी नळी बुडवून तोंडानें ओढली कीं पाणी आपसूक वाहूं लागतें, तेंच हें. झडप उघडी राहिली आणि माणसें घरीं गेलीं, तर होडी बांधल्या जागीं भरून बुडते. उपाय दोन : नळीचें वळण पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ वर नेऊन त्याच्या माथ्यावर हवा आंत घेणारी लहान झडप बसवावी, आणि प्रत्येक उपयोगानंतर तळाच्या झडपा बंद कराव्या. परंतु महिन्यांतून दोनदां वापरल्या जाणाऱ्या होडीच्या तळाला नवीं छिद्रें पाडणें मला शहाणपणाचें वाटलें नाहीं. नळ्यांत कोंडलेल्या समुद्रजलांतील सूक्ष्म जीव मरून कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो निराळाच.

तिसरा मार्ग कोरड्या संडासाचा. लघवी व विष्ठा निरनिराळ्या भांड्यांत घ्यावी आणि विष्ठेवर भुसा अथवा नारळाच्या काथ्याचा चुरा टाकावा. मैल्याला माती मानणारी ही विचारसरणी आपल्याकडे नवी नाहीं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैल्याचें खत करणारे संडास लोकांपुढें ठेविले. आपल्या शेजारीं देहूस डॉ. सुहास विठ्ठल मापुसकरांनीं सारें आयुष्य ग्रामस्वच्छतेला वाहिलें, संडासाला जोडलेल्या जैववायु-संयंत्राची 'मलप्रभा' ही रचना सिद्ध केली. २०१७ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. मग हा मार्ग होडीवर कां नको? कारण आपण पाण्यानें धुणारीं माणसें. कोरड्या संडासाचें सारें यश कोरडेपणांत आहे; त्यांत तांब्याभर पाणी गेलें कीं चिखल होतो व दुर्गंधि सुटते. धुण्यासाठीं तिसरें, वेगळें भांडें केलें तर तो जमिनीवर उत्तम चालतो, पण बावीस फुटांच्या होडींत तेवढी जागा कोठून आणावी? 'आगगाडीच्या डब्याखालीं जंतूंकडून मैला पचविणाऱ्या टांक्या बसविल्या आहेत, तशी एक कां नको?' असेंहि त्यानें विचारलें. त्या जंतूंना पचनाला अवकाश लागतो; एका रविवारच्या थोड्या तासांत तें काम कसें व्हावें? 

चौथा मार्ग उचलून नेण्याजोग्या संडासाचा. हा एकावर एक बसणाऱ्या दोन पेट्यांचा असतो. वरच्या पेटींत स्वच्छ पाणी व बैठक, खालच्या पेटींत मैला. मध्यें सरकणारी घट्ट झडप. तळाला छिद्र नाहीं, नळ्या नाहींत. भरला कीं खालची पेटी सोडवावी व जमिनीवरच्या संडासांत रिकामी करावी.

आतां हिशेब. विदेशी माहितीपत्रकें वीस लिटरांची पेटी कुटुंबाला दोन-तीन दिवस पुरेल असें सांगतात. पण तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपला आपण मांडावा. मोठें माणूस दिवसाला सुमारें दीड लिटर लघवी करितें. चौघांची सहा लिटर. वीस वेळां पाव-पाव लिटर पाणी सोडलें तर पांच लिटर. चौघांच्या शौचास प्रत्येकीं मैला पाव लिटर, धुण्यास एक लिटर, वर सोडण्यास अर्धा लिटर, असे पावणेदोन, एकूण सात. सहा, पांच व सात मिळून अठरा लिटर झाले. म्हणजे रात्रीचा मुक्काम केला तर वीस लिटरांची पेटी एकाच दिवसांत कांठोकांठ येते. आणि डोलणाऱ्या होडींत ती पाऊण भागाहून अधिक भरूं नये. उलट सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतावयाचें असेल, तर बारा वेळची लघवी व दोन वेळचें शौच धरून दहा लिटरांच्या आसपास बेरीज येते. तेवढ्यास ती पेटी निश्चिंतपणें पुरते.

वजनहि विसरूं नये. भरलेल्या वीस लिटरांचें ओझें वीस किलोंहून अधिक. शेवाळलेल्या धक्क्यावरून तें एकट्यानें नेतां पाय घसरला तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून मुक्कामासाठीं एक मोठी पेटी घेण्यापेक्षां खालच्या दोन पेट्या ठेवाव्या व त्या अर्ध्यापाऊण भरतांच बदलाव्या.

आम्हीं हाच चौथा मार्ग पत्करला. तो वापरतांना चार गोष्टी पाळाव्या. संडास पट्ट्यांनीं तळाला पक्का बांधावा व बाजूच्या भिंतीला धरावयास कडी बसवावी. म्हाताऱ्या माणसाला ती बैठकीइतकीच महत्त्वाची आहे. भोंवतीं पूर्ण उंचीचा जाड पडदा असावा. वास मारणारीं औषधें मोजून घालावीं. त्यांतल्या कांहींत फॉर्मॅल्डिहाइड असतें, आणि अशी पेटी घरच्या सेप्टिक टांकींत ओतली तर तेथले उपयोगी जंतु मरतात. शेवटची गोष्ट फार जपण्याची : पेटींत ब्लीचिंगचें द्रावण कधीं घालूं नये. लघवींतल्या अमोनियाशीं त्याचा संयोग होऊन विषारी वायु सुटतो, आणि बंद जागेंत तो जिवावर बेतूं शकतो.

होडीवर नेण्यापूर्वीं तो संडास आठ दिवस त्यांच्या चिंचवडच्या घरीं, मागच्या खोलींत ठेवावा असें मीं सुचविलें. मुलगा हंसला, पण वहिनींनीं तो वापरून पाहिला आणि बैठक चार बोटें उंच हवी असें सांगितलें. गुडघे त्यांचे, तें त्यांनाच कळणार. खालीं लाकडाचा चौथरा करून पट्टे पुन्हां आवळले.

परवां त्या मला भेटल्या. "मास्तर," म्हणाल्या, "या खेपेस कोर्लईच्या किल्ल्यापर्यंत गेलों. दोन बाटल्या पाणी प्यायलें." त्यांनीं संडासाचें नांव घेतलें नाहीं, मीहि घेतलें नाहीं. पण संकोचाचें झांकण एकदां उघडून, मोजमाप करून, ज्याला त्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच विचारून निर्णय घेतला, म्हणून तें पाणी त्यांच्या पोटांत गेलें. होडी असो वा घर, रीत हीच. आपल्या घरांतहि प्रवासाच्या दिवशीं कोणी मुकाट्यानें पाणी टाळीत नाहीं ना, एवढें आज जरूर विचारावें.